यंत्र लबाडी करते का? जुन्या माहजाँग व्हिडिओ गेममधील संगणकी प्रतिस्पर्धी

‘माहजाँग’ नावाचा एक खेळ कार्यालयातील संगणकावर जेवणाच्या सुटीत अनेकांनी खेळलेला असतो. सोंगट्यांचा एक मनोरा समोर रचलेला असतो आणि सारख्या चित्रांच्या दोन-दोन सोंगट्या शोधून तो रिकामा करायचा असतो. हा एकट्याने खेळायचा जोड्या जुळवण्याचा खेळ ब्रॉडी लॉकार्ड यांनी १९८१ मध्ये प्लेटो या संगणकप्रणालीवर तयार केला आणि १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने तो ‘शांघाय’ या नावाने घरोघरी पोहोचवला. मूळ माहजाँगशी त्याचा संबंध सोंगट्यांपुरताच आहे. मूळ खेळ चौघांचा आहे. त्यात डावपेच आहेत, जोखीम आहे आणि समोरच्याच्या मनातले ओळखण्याची कसोटीही आहे.

हा खरा माहजाँग १९८३ साली जपानमध्ये दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही खेळता येत होता. निंटेंडो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ हा घरगुती कन्सोल त्या वर्षी १५ जुलै रोजी बाजारात आला आणि सुमारे सहा आठवड्यांनी, २७ ऑगस्टला, त्याच कंपनीचा ‘माहजाँग’ हा गेम विक्रीस आला. त्यात खेळाडूसमोर एकच संगणकी प्रतिस्पर्धी असे आणि त्याच्या कौशल्याच्या तीन पायऱ्या होत्या. पुढच्याच वर्षी हडसन सॉफ्टने घडवलेला आणि निंटेंडोने प्रसिद्ध केलेला चौघांचा माहजाँग आला. त्यात खेळणारा माणूस एक आणि उरलेल्या तिन्ही जागांवर यंत्र. १८८९ मध्ये क्योटो येथे हानाफुदा नावाचे पारंपरिक पत्ते बनवण्यासाठी स्थापन झालेल्या या कंपनीला बैठ्या खेळांचे वेड नवे नव्हते. १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ हा हातात मावणारा कन्सोल जपानमध्ये आला, तेव्हा त्याच्यासोबत पहिल्याच दिवशी विकल्या गेलेल्या मोजक्या खेळांत ‘याकुमान’ हा माहजाँगचा खेळही होता.

हे जुने खेळ आज नव्याने खेळणाऱ्यांच्या मनात एक शंका हमखास येते. आपली सोंगटी कधीच येत नाही आणि यंत्राची मात्र नेमकी येते. तेव्हा यंत्र आपले पान चोरून बघते की काय? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्याच्याशी खेळायचे, त्याच्याच हाती पट, सोंगट्या, त्या पिसण्याचे काम आणि हिशेबाची वही असेल, तर त्याच्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवायचा, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

रमी जाणणाऱ्यांसाठी माहजाँग

रमी खेळलेल्या मराठी वाचकाला माहजाँगची चौकट चटकन समजते. रमीप्रमाणेच येथेही हातात १३ नग असतात. पाळी आली की चौदावा उचलायचा आणि एक टाकायचा. जपानी प्रकारात एकूण १३६ सोंगट्या असतात: ३४ प्रकार आणि प्रत्येकाच्या चार प्रती. त्यांत अक्षरे, वर्तुळे आणि बांबू अशी तीन कुळे असून प्रत्येकात १ ते ९ अंक असतात. त्याशिवाय पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर हे चार वारे आणि पांढरा, हिरवा, लाल असे तीन ‘ड्रॅगन’ असतात. चार त्रिके आणि एक जोडी जमली की डाव पूर्ण होतो. त्रिक म्हणजे एकाच कुळातील लागोपाठचे तीन अंक किंवा अगदी सारख्या तीन सोंगट्या. रमीतील सिक्वेन्स आणि सेट यांचीच ही भावंडे होत.

फरक आहे तो पुढे. समोरच्याने टाकलेली सोंगटी सारख्या त्रिकासाठी हवी असेल, तर पाळी नसतानाही ती कोणालाही उचलता येते. सिक्वेन्ससाठी मात्र केवळ आपल्या आधीच्या खेळाडूचीच सोंगटी घेता येते. अशी सोंगटी घेतली की ते त्रिक सर्वांसमोर उघडे करावे लागते. डाव पूर्ण करणारी सोंगटी दुसऱ्याने टाकलेली असेल, तर त्या डावाचे सगळे गुण टाकणाऱ्या एकट्याला भरावे लागतात. ती स्वतः उचललेली असेल, तर तिघांनी मिळून भरायचे. म्हणूनच या खेळात स्वतःचा डाव जुळवण्याइतकेच दुसऱ्याच्या हातात सोंगटी न देणेही महत्त्वाचे ठरते.

जपानी प्रकाराचा प्राण म्हणजे ‘रीची’. एकही त्रिक उघडे न करता डाव एका सोंगटीवर येऊन ठेपला, की खेळाडू १००० गुणांची काडी पटावर ठेवून तसे जाहीर करू शकतो. त्यानंतर त्याला हातातील रचना बदलता येत नाही. त्या बदल्यात जिंकल्यास मोल वाढते. पण आता सावध राहायला हवे, हे इतर तिघांनाही कळते.

माहजाँग भारतालाही अगदीच अनोळखी नाही. नौदल आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या कुटुंबांत, तसेच मुंबईतील काही क्लबांत तो कित्येक वर्षे खेळला जातो. मात्र तेथील नियम जपानी नियमांहून वेगळे आहेत. त्यामुळे त्या बैठकीत मुरलेल्या व्यक्तीलाही जपानी कन्सोलवरचा खेळ पहिल्या दिवशी बुचकळ्यात टाकतो.

यंत्र ‘नाही’ म्हणते तेव्हा

यंत्राविषयीचा पहिला संशय बहुधा नियमांच्या अपुऱ्या माहितीतून जन्मतो. खेळाडूची चार त्रिके आणि जोडी पूर्ण होते, तरीही पडद्यावर जिंकण्याचा पर्याय दिसत नाही. यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असते.

पहिले कारण ‘याकू’. जपानी नियमांत नुसती रचना पूर्ण होऊन भागत नाही. तिच्यात मान्यताप्राप्त वैशिष्ट्यांपैकी किमान एक असावे लागते. रीची जाहीर करणे हा एक याकू. ड्रॅगनचे त्रिक हा दुसरा. १, ९, वारे आणि ड्रॅगन अजिबात नसणे हा तिसरा. घाईघाईने सोंगट्या उचलून त्रिके उघडी करणाऱ्या नवशिक्याची रीचीची संधी जाते आणि हातात दुसरा याकू नसेल, तर पूर्ण झालेला डावही व्यर्थ ठरतो.

दुसरे कारण ‘फुरितेन’. ज्या सोंगटीने आपला डाव पूर्ण होणार आहे, तीच आपण पूर्वी टाकलेली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही. डाव दोन-तीन वेगवेगळ्या सोंगट्यांवर पूर्ण होणार असेल आणि त्यांपैकी एकच पूर्वी टाकलेली असेल, तरी हे बंधन सर्वांना लागू होते. स्वतः उचलून जिंकण्याची मुभा तेवढी उरते. हा नियम जाचक वाटला, तरी बचावाचे सगळे शास्त्र त्यावरच उभे आहे. रीची जाहीर करणाऱ्याने जी सोंगटी आधी टाकली आहे, ती त्याच्यासमोर टाकणे पूर्णपणे निर्धोक असते.

दोन किलोबाइटमधील चौकडी

फॅमिकॉमची ताकद आजच्या मनगटी घड्याळापुढेही नगण्य ठरेल. त्याचा प्रक्रियक सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांवर चाले आणि एकेका सूचनेला त्यांतले किमान दोन ठोके लागत. कामापुरती स्मृती होती २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. पडदा २५६ बाय २४० बिंदूंचा. सोंगटीला १६ बिंदूंची रुंदी दिली, तर हातातील १४ सोंगट्यांना २२४ बिंदू लागतात. म्हणजे एकच हात पडद्याची जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो.

पण माहजाँगचा आशय स्मृतीच्या दृष्टीने आटोपशीर आहे. प्रत्येक सोंगटीला एक क्रमांक दिला, की १३६ सोंगट्यांची रचलेली भिंत १३६ बाइटमध्ये बसते. चौघांचे हात आणि टाकलेल्या सोंगट्यांची नोंद धरली, तरी बरीच जागा उरते. भिंत पिसण्यासाठी यादृच्छिक भासणारी अंकमालिका लागते. ती काही साध्या गणिती क्रियांनी तयार करता येते आणि खेळाडूने सुरुवातीची कळ नेमक्या कोणत्या क्षणी दाबली, यावरून तिचा आरंभबिंदू ठरवता येतो. माणसाच्या बोटाची वेळ सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत कधीच तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे प्रत्येक डाव वेगळा निघतो.

खरा प्रश्न असतो तो कोणती सोंगटी टाकायची हा. त्यासाठी एक मोजमाप उपयोगी पडते. जपानी खेळाडू त्याला ‘शांतेन’ म्हणतात. डाव एका सोंगटीवर येऊन ठेपायला आणखी किती उपयुक्त सोंगट्या लागतील, ती ही संख्या. यंत्राने हातातील १४ सोंगट्यांपैकी एकेक टाकून पाहायची, प्रत्येक वेळी हे अंतर मोजायचे आणि ते कमीत कमी राहील अशी सोंगटी निवडायची. अंतर सारखेच राहत असेल, तर कोणत्या पर्यायात जास्त सोंगट्या उपयोगी पडतील, हे पाहायचे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हातात बांबूचे ४-५ आणि वर्तुळांचे १-२ असे दोन अर्धवट सिक्वेन्स आहेत आणि एक मोडणे भाग आहे. ४-५ ला ३ किंवा ६ यांपैकी काहीही चालते. प्रत्येकाच्या चार प्रती धरल्या, तर एकूण आठ सोंगट्या उपयोगी पडतात. १-२ ला मात्र केवळ ३ चालतो, म्हणजे चारच. तेव्हा १-२ मोडणे शहाणपणाचे. माणूस हे अनुभवाने शिकतो; यंत्राला एवढी तुलना करून देणारा छोटासा नियमसंच पुरतो. एकट्या पडलेल्या वाऱ्याला कमी गुण, जोडीला त्याहून जास्त, दोन बाजूंनी पूर्ण होणाऱ्या अर्धवट सिक्वेन्सला आणखी जास्त, असे गुण देऊन सर्वांत कमी गुणांची सोंगटी टाकली, तरी बऱ्यापैकी खेळणारा प्रतिस्पर्धी उभा राहतो.

एवढ्याच नियमांवर चालणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची उणीव त्याच्या बचावात दिसते. आपला डाव जुळवण्यात तो तरबेज असतो, पण समोरच्याने काय टाकले आणि त्यावरून त्याच्या हातात काय असावे, हा विचार त्याच्याकडे नसतो. समोरच्याने ४ टाकला असेल, तर फुरितेनमुळे २-३ वर १ किंवा ४ ची वाट पाहून तो जिंकू शकत नाही. म्हणून त्याच कुळातील १ तुलनेने सुरक्षित, असे तर्क अनुभवी माणूस सतत करतो. असे तर्क न करणाऱ्या यंत्रासमोर लवकर रीची जाहीर करणे फायद्याचे ठरते, कारण ते घाबरून मागे हटत नाही आणि हवी ती सोंगटी टाकून मोकळे होते. कन्सोलची ताकद वाढत गेली, तसा प्रतिस्पर्ध्यांना स्वभावही मिळाला. कोणी आक्रमक, कोणी सावध, कोणी मोठ्या गुणांच्या मागे लागणारा. कॅपकॉमने १९८७ मध्ये फॅमिकॉमसाठी काढलेल्या माहजाँगच्या नावातच इदे योसुके या नामांकित खेळाडूचे नाव होते.

संशयाचे मूळ आणि गणिताचे उत्तर

लबाडी शक्य आहे का? तांत्रिकदृष्ट्या ती अतिशय सोपी आहे. चौघांचे हात एकाच स्मृतीत शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे खेळाडूच्या सोंगट्या ‘पाहायला’ यंत्राला एक सूचना पुरेशी असते. सोंगट्या वाटतानाच यंत्राला जवळजवळ जुळलेला हात देता येतो. भिंतीतून पुढची सोंगटी देण्याऐवजी सोयीची काढून देणेही शक्य असते. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांना तर लबाडीमागे आर्थिक कारणही होते. एका नाण्यात खेळाडू तासभर बसून राहिला, तर दुकानदाराचे नुकसान. दोघांत खेळल्या जाणाऱ्या अशा यंत्रांविषयी खेळाडूंमध्ये फारसे चांगले मत नव्हते. काही खेळांनी तर लबाडीला उघड रूप दिले आणि हातातील सोंगट्या बदलून देणारी ‘अस्त्रे’ खेळाडूलाच बहाल केली.

परंतु लबाडी शक्य आहे, एवढ्यावरून ती घडली असे सिद्ध होत नाही. घरच्या कन्सोलवर संशय घेण्यापूर्वी तीन हिशेब करून पाहावेत.

पहिला हिशेब: चौघेही समान कौशल्याचे असतील, तर जिंकल्या गेलेल्या दर चार डावांपैकी तीन दुसऱ्या कोणाचे तरी असणार. पराभवाचे दृश्य विजयाच्या तिप्पट वेळा दिसते आणि तिन्ही प्रतिस्पर्धी ‘यंत्र’ या एकाच नावाखाली मनात जमा होतात. असे आठ निकाली डाव धरले, तर त्यांतला एकही आपल्या वाट्याला न येण्याची शक्यता ०.७५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे १० टक्के आहे. नेहमीच्या पूर्ण बैठकीत किमान आठ डाव असतात. म्हणजेच पूर्णपणे प्रामाणिक यंत्रासमोरही दहातील एखाद्या बैठकीत हात रिकामे राहिले, तर त्यात नवल नाही.

दुसरा हिशेब: प्रतिस्पर्ध्याने रीची जाहीर केली आणि एका फेरीच्या आत तो जिंकला, की संशय सर्वाधिक बळावतो. सहा फेऱ्या झाल्यानंतर २४ सोंगट्या टाकलेल्या असतात. रीची करणाऱ्याच्या हातातील १३ आणि बोनस दर्शवणारी एक उघडी सोंगटी धरल्यास त्याला ३८ सोंगट्या दिसतात आणि ९८ अज्ञात राहतात. तो दोन बाजूंनी वाट पाहत असेल आणि त्या आठही सोंगट्या अज्ञातांत असतील, तर पुढील फेरीत समोर येणाऱ्या चार सोंगट्यांपैकी किमान एक उपयोगी पडण्याची शक्यता सुमारे २९ टक्के निघते. समोरचे खेळाडू जपून खेळले तर ती घटते. बचाव न करणाऱ्या दोन यंत्रांच्या संगतीत ती या आकड्याच्या जवळ राहते. जे पाहून ‘हे अशक्यच’ असे वाटते, ते साधारणतः दहात तीनदा घडू शकते.

तिसरा हिशेब नोंदींचा. समान कौशल्य धरून १०० निकाली डावांत २५ विजय अपेक्षित आहेत. पण निव्वळ दैवयोगाने ही संख्या १६ ते ३४ या पट्ट्यात कुठेही पडू शकते. त्यामुळे शंभरात १८ विजय मिळाले म्हणून यंत्र लबाड ठरत नाही. काही विशिष्ट घटना मात्र लक्षणीय ठरतात. वाटलेल्या पहिल्या १४ सोंगट्यांतच डाव पूर्ण असणे ही घटना सुमारे ३,३०,००० डावांत एकदा अपेक्षित असते. एखादा प्रतिस्पर्धी महिन्याभरात दोनदा असा जिंकला, तर शंकेला आधार आहे. आठवणीवर विसंबून आरोप करण्यापेक्षा वही-पेन्सिल घेऊन निकाल टिपणे हा यावरचा सरळ उपाय आहे.

या हिशेबांचे मोल खेळापुरते मर्यादित नाही. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे आणि परिणाम पाहून त्या निर्णयाला बरे-वाईट ठरवणे, हे व्यावसायिक आयुष्यात रोज घडते. माहजाँगमध्ये योग्य सोंगटी टाकूनही डाव जातो आणि चुकीची टाकूनही कधी जिंकता येतो. यंत्राशी शेकडो डाव खेळल्यावर निर्णय आणि परिणाम यांच्यातील हे अंतर अंगवळणी पडते. कारण यंत्र कंटाळत नाही, रागावत नाही आणि किचकट गुणमोजणीही स्वतःच करते.

सर्व काही पाहून शिकलेले यंत्र

फॅमिकॉमवरच्या त्या पहिल्या गेमनंतर ३६ वर्षांनी, २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या आशियातील संशोधकांनी ‘सुफेक्स’ ही माहजाँग खेळणारी कृत्रिम बुद्धिमत्ता जाहीर केली. ‘तेनहो’ या जपानी ऑनलाइन मंचावर तिने दहाव्या ‘दान’ची श्रेणी गाठली. संशोधकांच्या मांडणीनुसार तिचा स्थिर दर्जा तेथील श्रेणीप्राप्त खेळाडूंपैकी ९९.९९ टक्के जणांहून वरचा होता. बुद्धिबळात आणि ‘गो’ या खेळात सगळा पट दोघांनाही दिसतो. माहजाँगमध्ये बहुतांश पट झाकलेला असतो. एका खेळाडूला दिसणाऱ्या स्थितीमागे सरासरी १ वर ४८ शून्ये इतक्या संख्येहून अधिक वेगवेगळ्या छुप्या स्थिती असू शकतात, असे त्याच संशोधनात नोंदवले आहे.

तिच्या प्रशिक्षणातील एक टप्पा येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सरावाच्या आरंभी तिला प्रतिस्पर्ध्यांचे हात आणि भिंतीतील झाकलेल्या सोंगट्याही दाखवल्या गेल्या. नंतर ही छुपी माहिती टप्प्याटप्प्याने कमी करत पूर्णपणे काढून घेतली गेली. जी गोष्ट जुन्या यंत्रांबाबत लबाडी ठरली असती, ती येथे शिकवण्याची पद्धत झाली. प्रत्यक्ष सामन्यात मात्र तिला माणसाला दिसते तेवढेच दिसत असे. माहिती कोणाला, कधी आणि कोणाच्या संमतीने दिसते, यावर प्रामाणिकपणा ठरतो. निव्वळ ताकदीवर नाही.

आज सुरुवात कशी करावी

१९८३ चा निंटेंडोचा ‘माहजाँग’ जपानी बाजारासाठीच होता आणि त्यातील मजकूरही जपानी आहे. इंग्रजीतून शिकू इच्छिणाऱ्यांना निंटेंडो स्विचवरील २०२० च्या ‘क्लबहाऊस गेम्स’ या संग्रहातील रीची माहजाँग सोपा पडेल. तेथे संगणकी प्रतिस्पर्धी आहेत आणि त्यांच्या ताकदीच्या पायऱ्याही निवडता येतात.

पहिल्या पन्नास डावांत तीनच पथ्ये पाळावीत. गरज नसताना दुसऱ्याची सोंगटी उचलून त्रिके उघडी करू नयेत. रीचीची वाट मोकळी ठेवावी. दोन बाजूंनी पूर्ण होणारे अर्धवट सिक्वेन्स शेवटपर्यंत जपावेत. आणि दुसऱ्याने रीची जाहीर केली, आपला डाव मात्र अजून दूर असेल, तर त्याने आधी टाकलेल्याच सोंगट्या टाकत राहून तो डाव सोडून द्यावा. प्रत्येक डावाचा विजेता आणि गुण एका वहीत टिपावेत. पन्नास डाव झाल्यावर ती वही उघडली, की यंत्राविषयीचे मत बदलते की नाही हे ज्याचे त्याला पडताळता येईल.